शेततळ्यातला पीएच: कधी बघायचा, कसा बघायचा आणि कधी हात पण लावायचा नाही

मासे मेले की पहिला फोन येतो तो असा, "पाणी चेक केलं, पीएच ८ आहे, म्हणजे पाणी ओके आहे, मग मासे का मेले?" मग विचारलं की कधी चेक केलं, तर म्हणे सकाळी चहा झाल्यावर. इथंच गडबड आहे. तळ्याचा पीएच असा एक नसतोच, सकाळचा वेगळा असतो, दुपारचा वेगळा असतो, आणि माशाला जो त्रास होतो तो बहुतेक वेळा त्या दुपारच्या आकड्याने होतो जो कोणी बघितलेलाच नसतो. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय, प्लास्टिकचा कागद टाकलेलं शेततळं असो, मातीचं तळं असो की घरामागची बायोफ्लॉकची टाकी, म्हणजे जिथं पाण्यातच बॅक्टेरिया वाढवून घाण जिरवतात ती.

आधी थोडं गणित, घाबरू नका, एवढंच आहे. पीएच म्हणजे पाणी किती आंबट ते दाखवणारी मोजपट्टी, आकडा जितका खाली तितकं पाणी जास्त आंबट. ही मोजपट्टी १९०९ साली सोरेनसन नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने काढली, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, म्हणजे बिअरवाल्यांच्याच लॅबमध्ये. यातली मेख अशी की एक अंक सरकला म्हणजे आम्लपणा दहापट बदलतो. ८ वरून ७ झाला म्हणजे "थोडा कमी झाला" असं नाही, दहापट फरक पडला. आणि ०.३ एवढासा फरक म्हणजे जवळपास दुप्पट. आपल्या स्वतःच्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या एवढ्याशा पट्टीत असतो, त्यापेक्षा खाली-वर सरकला की माणूस दवाखान्यात. माशाचं रक्तही असंच जपलेलं असतं, फरक एवढाच की मासा चोवीस तास त्याच पाण्यात बुडालेला, आणि कल्ल्याची कातडी इतकी पातळ की बाहेरचं पाणी आणि आतलं रक्त यांच्यात फारसं अंतरच नाही.

रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस, पंगस, तिलापिया यांना ६.५ ते ९ चालतं, ७.५ ते ८.५ मध्ये मजेत राहतात. ४ च्या खाली आणि ११ च्या वर मरतात. पण आपल्याकडे ४ आणि ११ कोणाच्या तळ्यात होत नाही, कोणीतरी काहीतरी ओतल्याशिवाय. खरा खेळ चालतो तो ७.५ ते ९.५ मध्ये, तेच बघू.

दिवसभरात पीएच का फिरतो

हिरवं पाणी म्हणजे पाण्यात बारीक शेवाळ. ऊन पडलं की शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की पाणी किंचित आंबट करतो, तो निघून गेला की पीएच चढतो. दुपारी २ ते ४ च्या दरम्यान सगळ्यात जास्त. सूर्य मावळला की शेवाळ, मासे, तळाचा गाळ सगळेच श्वास सोडतात, परत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच उतरत उतरत पहाटे, उजाडायच्या जरा आधी, सगळ्यात खाली येतो. म्हणून एक रीडिंग काही कामाचं नाही. दोन घ्या, एक सूर्य उगवायच्या आधी आणि एक दुपारी ३ ला, आणि दोघांमधला फरक लिहून ठेवा. मी तर म्हणतो की आकड्यापेक्षा तो फरकच जास्त बोलतो. सकाळी ७.८ दुपारी ८.६, छान चाललंय. सकाळी ७.६ आणि दुपारी ९.५, म्हणजे शेवाळ माजलंय. आणि रोज एक-दीडचा फरक येत होता, आज अचानक सकाळी ७.५ दुपारी ७.६, तर खूश होऊ नका, शेवाळ मेलंय किंवा मरतंय, आता ते कुजणार, ऑक्सिजन बसणार आणि अमोनिया वर येणार. पावसाळ्यात तीन-चार दिवस ढग राहिले की हे हमखास होतं. त्या रात्री एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, बंद ठेवू नका, लाईट नसेल तर डिझेल आणून ठेवा.

०.३ ने एवढं काय बिघडतं

आता मुख्य मुद्दा. मासा खाद्य खातो, त्यातलं प्रोटीन वापरून अमोनिया कल्ल्यातून बाहेर टाकतो. साधारण १ किलो खाद्यामागे ३० ग्रॅमच्या आसपास अमोनिया पाण्यात येतो असं धरून चालतात. हा अमोनिया पाण्यात दोन रूपात असतो, एक विषारी, जो थेट कल्ल्यातून आत घुसतो, आणि एक अमोनियम, जो बऱ्यापैकी गरीब असतो. कोणतं रूप किती हे ठरवतो पीएच, आणि थोडं पाण्याचं तापमान.

३० अंशाच्या पाण्यात पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाच्या १ टक्क्यापेक्षा कमी विषारी रूपात. ८ ला साधारण साडेसात टक्के. ८.३ ला १४ टक्के, म्हणजे ०.३ ने दुप्पट. ९ ला ४५ टक्के. ९.५ ला ७० च्या वर.

बाजारातली थेंबवाली अमोनिया किट दाखवते ती दोन्ही मिळून बेरीज. समजा किटवर १ पीपीएम, म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम, आलं. पहाटे पीएच ७.८ आणि पाणी २८ अंश, तर विषारी भाग साधारण ०.०४, मासा सहन करतो. त्याच दिवशी दुपारी पीएच ९.२ आणि पाणी ३१ अंश, किटवर परत १ च, पण विषारी भाग ०.५ च्या वर गेलेला. ०.०५ च्या वर गेलं की माशाची वाढ मंदावते, कल्ले खराब व्हायला लागतात, आणि ०.५-०.६ म्हणजे बऱ्याच माशांसाठी जीवावरचं. म्हणजे अमोनिया तेवढाच, मासे तेवढेच, फक्त पीएच चढला. वरून पाण्याचा पीएच जास्त असला की माशाला स्वतःच्या रक्तातला अमोनिया बाहेर टाकायलाही जड जातं, तो आतच साठतो. म्हणून अमोनियाचा आकडा विचारताना नेहमी सोबत पीएच आणि वेळ विचारायची, नुसता "अमोनिया किती" हा प्रश्न अर्धाच आहे.

लक्षणांवरून पण ओळखता येतं थोडं. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडून हवा ओढतायत, उजाडल्यावर तासा-दोन तासाने खाली जातात, तर तो ऑक्सिजनचा त्रास. दुपारी खाद्य टाकलं आणि येतच नाहीत, किंवा येतात पण सुस्त, काठाला एकटे फिरतात, मध्येच वेड्यासारखी उसळी मारतात, कल्ल्यावर चिकट जास्त, तर पीएच आणि अमोनिया बघा. दोन्ही एकदम पण असू शकतं, तेव्हा लक्षणांवर पैज लावू नका, मोजा.

मोजायचं कसं

लिटमसचा कागद इथं उपयोगाचा नाही, तो फक्त आम्ल की अल्कली एवढंच सांगतो. थेंबांची किट चालते, पण रंग उन्हात पांढऱ्या कागदावर धरून बघायचा, संध्याकाळी बल्बखाली सगळंच ८ दिसतं. पेनसारखा डिजिटल मीटर सगळ्यात सोयीचा, पण त्याच्यासोबत ज्या पुड्या येतात, ४.००, ६.८६ आणि ९.१८ च्या, त्या फेकून देऊ नका. त्या मिनरल पाण्यात नाही, डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवायच्या, बॅटरीत टाकतो ते पाणी चालतं फक्त ते खरंच डिस्टिल्ड असावं, आणि निदान पंधरा दिवसांतून एकदा मीटर ६.८६ आणि ९.१८ ला लावून घ्यायचा. आपलं काम ७ ते ९.५ मध्ये आहे म्हणून ही दोन. मीटर लावून न घेता घेतलेलं रीडिंग अर्ध्या-पाऊण अंकाने सहज हुकतं, आणि वर बघितलंच की अर्ध्या अंकात अमोनियाचं काय होतं. काचेचं टोक कोरडं पडू द्यायचं नाही, टोपणात त्याचं स्टोरेज सोल्युशन, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडचं पाणी, दोन थेंब ठेवायचं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवतात बरेच जण, त्याने टोक लवकर खराब होतं.

नमुना घेताना काठावरची फेसाळ साय घेऊ नका, कोपरभर खोल पाणी घ्या. आणि कागदाच्या शेततळ्यात खाली उतरू नका रे बाबांनो, त्या कागदावर शेवाळ बसलेलं असतं, पाय घसरला की वर यायला धरायला काही नसतं, पोहता येणारे पण अडकलेत. बाटलीला दगड बांधा, दोरी बांधा, बांधावरून सोडा. तळ्यावर दोरी आणि ट्यूब कायमची बांधलेली असावी, ती पण याच खर्चात धरा.

बाटली तोंडापर्यंत भरायची, हवा ठेवायची नाही, आणि तिथंच लगेच मोजायचं. तालुक्याला लॅबमध्ये बाटली पाठवली तर अल्कलिनिटी, हार्डनेस हे बऱ्यापैकी बरोबर येईल पण पीएच नाही, वाटेत बाटलीत शेवाळ आणि बॅक्टेरिया आपलं काम चालूच ठेवतात.

बोअरच्या पाण्याची एक गंमत सांगतो. मोटर चालू करून पाइपाखाली मीटर धरला तर ७.१-७.२ दाखवतो, लोक म्हणतात वा पाणी एकदम न्यूट्रल. तेच पाणी बादलीत भरून रात्रभर ठेवा, मधून मधून ढवळा, सकाळी ८ च्या पुढे गेलेलं दिसेल. जमिनीखाली त्यात कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो, वर आल्यावर उडून जातो. म्हणून बोअरचा खरा पीएच दुसऱ्या दिवशीच्या बादलीचा. आणि अशा पाण्यात ऑक्सिजन पण नसतोच जवळपास, त्यामुळे पाइप पाण्यात बुडवून नाही, उंचावरून पत्र्यावर किंवा जाळीवर पाडून आत सोडायचा.

अल्कलिनिटी, जी कोणी विचारत नाही

दोन तळी शेजारी, दोन्हीत शेवाळ सारखंच, एकाचा पीएच दिवसभरात ०.८ फिरतो, दुसऱ्याचा २ ने. फरक अल्कलिनिटीचा. पाण्यात बायकार्बोनेट किती आहे त्यावर ते ठरतं, ती गाडीच्या शॉकअपसारखी आहे, खड्डा तोच पण दणका कमी बसतो. ८० ते १५० पीपीएम असेल तर चांगलं, २०-३० च्या खाली असेल तर पीएच कुठंही उड्या मारतो. थेंबांची किट मिळते, महिन्यातून एकदा बघितलं तरी पुरे.

आता आपल्या महाराष्ट्रातच दोन वेगळी जगं आहेत. घाटावर, मराठवाड्यात काळी माती, तिच्यात चुनखडीचे खडे, विहिरी-बोअरचं पाणी जड. इथं अल्कलिनिटी बहुतेक वेळा भरपूर असते. कोकणात जांभ्याची लाल माती, आंबट, पावसाने धुतलेली, पाणी मऊ, अल्कलिनिटी कमी. कोकणात चुना टाकणं बरोबर असतं, आणि तेच बघून सोलापूर-जालन्याकडचा माणूस पण "मत्स्यशेतीत चुना टाकावाच लागतो" म्हणून पोतं ओततो. गरज नसताना. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण अल्कलिनिटी बघितल्याशिवाय चुन्याच्या पोत्याचं तोंड उघडू नका.

आणि चुना म्हणजे कोणता? चुनखडीची पावडर, डोलोमाइट हे गरीब, हळू विरघळतात, पीएच ८.३ च्या आसपासच्या पुढे ढकलत नाहीत, मासे असताना चालतात. कळीचा चुना आणि विरवलेला चुना हे जहाल, पीएच १०-११ पर्यंत सहज नेतात, ते फक्त रिकामं तळं निर्जंतुक करायला, आणि नंतर पाणी भरून पीएच खाली आल्याशिवाय बीज सोडायचं नाही. तळ्यात मासे असताना, त्यात अमोनिया असताना, भर दुपारी कळीचा चुना म्हणजे वरचं सगळं गणित स्वतःच्या हाताने ९.५ ला नेणं. दुकानदार कधीकधी नुसतं "चुना" म्हणून देतो, पोत्यावर काय लिहिलंय ते वाचा, चिमूटभर पाण्यात टाकून बघा, गरम झालं, फसफसलं तर कळीचा आहे, परत करा.

कोकणातला हिशोब सोपा आहे. १ हजार लिटर पाण्याची अल्कलिनिटी १ पीपीएमने वाढवायला १ ग्रॅम चुनखडी. ५ लाख लिटरचं तळं २० वरून ५० ला न्यायचं तर ३० गुणिले ५०० म्हणजे १५ किलो. सगळी एकदम विरघळत नाही, मातीही थोडी खाते, म्हणून बारीक पावडर घेऊन दोन-तीन हप्त्यात पसरायची आणि आठवड्याने परत मोजायचं.

दुपारी ९ च्या वर गेला तर

पहिलं, खाद्य बंद. आजचं पूर्ण, उद्या अर्धं. लोकांचा यावरच जीव तुटतो, पण मासा दोन दिवस उपाशी राहिल्याने मरत नाही आणि अमोनियाचा नळ तिथंच बंद होतो. दुसरं, शेण, युरिया, सुपर फॉस्फेट असं काही पाणी हिरवं करायला टाकत असाल तर थांबवा. पांढरी थाळी दोरीला बांधून पाण्यात सोडा, ३० ते ४० सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर ठीक, २० च्या आत गडप झाली तर शेवाळ जास्त आहे. तिसरं, पाणी बदलायची सोय असेल तर १०-२० टक्के बदला, तळातलं काढून, वरून नवं पाडून. पाणी फुकट घालवू नका, कांद्याला-डाळिंबाला सोडा, तेच खत आहे. चौथं, एरेटर दुपारी पण तासभर चालवा, वरचं चढलेलं आणि खालचं पाणी एकत्र होतं.

गुळाचं पाणी टाकतात, त्याने बॅक्टेरिया वाढतात, ते अमोनिया खातात, कार्बन डायऑक्साइड सोडतात, पीएच पण थोडा उतरतो. खरं आहे. पण ते ऑक्सिजन पण खातात. अमोनियाच्या १५-२० पट गूळ लागतो असा हिशोब धरतात. १५ हजार लिटरच्या टाकीत १ पीपीएम म्हणजे १५ ग्रॅम अमोनिया, गूळ साधारण पाव किलो, परवडतं. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या शेततळ्यात पाणी साधारण २२ लाख लिटर, तिथं हाच हिशोब ३०-४० किलोवर जातो, तो एका दिवशी ओतायचा नाही, आणि एरेटर नसेल तर टाकायचाच नाही.

जे करू नका ते: ऍसिड ओतणं. अल्कलिनिटी भरपूर असेल तर पीएच हलणारच नाही, आणखी ओताल, मग अल्कलिनिटी संपेल आणि एकदम कोसळेल, आणि शेवाळ तसंच राहिल्यामुळे दुसऱ्या दुपारी परत चढायचा तो चढणारच. मोरचूद टाकून शेवाळ मारणं पण नको, सगळं एकदम मरतं, कुजतं, रात्री ऑक्सिजन जातो, आणि मऊ पाण्यात मोरचूद स्वतःच माशाला मारतं. "पीएच कंट्रोल" नावाच्या ज्या रंगीत बाटल्या विकतात त्यांच्यावर आत काय आहे हे लिहिलेलं नसेल तर घेऊ नका, माझं मत.

उलटा त्रास: बायोफ्लॉक टाकी

टाकीत नेमकं उलटं होतं. तिथले बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्रेट करतात आणि त्यात अल्कलिनिटी खातात, १ ग्रॅम अमोनिया नायट्रोजनमागे ७ ग्रॅमच्या थोडी वर. रोज खाद्य, रोज अल्कलिनिटी कमी, पीएच ८ वरून ७.५, ७.२, ६.८ असा गुपचूप घसरतो. अमोनियाचा विषारी भाग कमी झाला म्हणून बरं वाटतं, पण पीएच पडला की तेच बॅक्टेरिया सुस्त होतात आणि एकूण अमोनिया साठत जातो, आणि मग कोणीतरी घाबरून चुना टाकतं. पीएच वर, साठलेला सगळा अमोनिया जागा. टाकीच्या तळाला काळा गाळ आणि सडक्या अंड्याचा वास असेल तर आणखी वाईट, तो वायू कमी पीएचला जास्त विषारी होतो, म्हणून गाळ रोज काढा.

इथं औषध खाण्याचा सोडा, बेकरीवाल्याकडे पोत्याने मिळतो तोच. ४ मीटर व्यासाची टाकी, १.२ मीटर पाणी, म्हणजे १५ हजार लिटर. अल्कलिनिटी २० पीपीएमने वाढवायला अर्धा किलो सोडा, बादलीत विरघळवून हळूहळू, संध्याकाळी. १०० च्या खाली गेली की टाका, पीएच पडायची वाट बघू नका. धुण्याचा सोडा वेगळा, तो पीएच एकदम उडवतो, तो नको.

बीज सोडताना

बोटुकलीची, म्हणजे बोटाएवढ्या पिलांची, ऑक्सिजनची पिशवी सहा-आठ तास प्रवास करून येते. आत पिलांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच पडतो, आणि अमोनिया पण साठतो पण पीएच कमी असल्यामुळे गरीब रूपात बसून असतो. आपण काय करतो, पिशवी आली की तोंड उघडून टबात ओततो आणि जेवायला जातो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि तो अमोनिया विषारी होतो. म्हणून बंद पिशवी तशीच पाण्यात २०-३० मिनिटं तरंगत ठेवा, तापमान जुळू द्या, मग उघडा, तळ्याचं पाणी ग्लासा-ग्लासाने आत घाला दहा-पंधरा मिनिटं, आणि लगेच जाळीने पिलं सोडा, पिशवीचं पाणी बाहेर फेका. सोडायची वेळ सकाळी आठच्या आत. दुपारी ३ ला ९.३ च्या पाण्यात सोडलेली पिलं त्याच दिवशी मरत नाहीत, दोन-तीन दिवसांनी तळाशी जाऊन मरतात, आणि शिव्या बीजवाल्याला बसतात.

आणि एक, सकाळी ७.६-७.८, दुपारी ८.६-८.८, अमोनिया किटवर ०.२५ च्या आत, मासे तुटून पडतायत खाद्यावर, असं असेल तर काही करू नका. ८.८ बघून हात शिवशिवतो, माहितीये. हा चढ सहा-सात तासांत हळूहळू होतो, मासा त्याला सरावलेला असतो, पोतं ओतून तेवढाच बदल दहा मिनिटांत केला तर नाही सरावत. वहीत आकडा लिहा, वेळ लिहा, ढग होते की ऊन ते लिहा, आणि घरी जा.